पाच किलो नऊशे

६ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद वगैरे लिहीत नाही. तुझ्या वाटणीचे संपले.

आज पिशवीतून तुझी चिठ्ठी आली. "बाळ क्रमांक ४१७. वजन ५.९. अशक्य आकडा. पुन्हा तपासा." खाली सही नाही, नुसता कार्यालयाचा शिक्का. पण सहा वर्षं तू माझ्या मांडीला मांडी लावून फॉर्म भरलेस, तुझं अक्षर मी ओळखणार नाही? तुझ्या नवाला शेपूट असते आणि 'पुन्हा'च्या खाली तू अशी रेघ ओढतेस की खालचा कागदही फाटावा. फोन केला तर तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा करून गप्प बसतेस, म्हणून हे पत्र फॉर्मांच्या पिशवीत घालतेय. पिशवी उघडणारी तूच, तेव्हा वाचावंच लागेल.

कसं मोजलं ते सांगते. काटा सपाट फरशीवर ठेवला, भिंतीपासून दूर. आधी पाच किलोचं वजन ठेवून बघितलं, काट्याने पाच दाखवले. मग पोरीचे कपडे काढले, लंगोटसुद्धा. पहिल्यांदा पाच किलो नऊशे. दुसऱ्यांदा पाच किलो नऊशे. तिसऱ्यांदा वीस ग्रॅम कमी. मी मोठ्याने वाचलं, मास्तरांनी मोठ्याने वाचलं, दोघांनी सही केली. तुझ्या जागी आता मास्तर आहेत, शाळेतून निवृत्त झालेले. लांबी मोजायच्या फळीवर बाळाचं डोकं धरतात आणि त्याला म्हणतात, "सरळ बस." बाळ आडवं असतं. पण माणूस खोटं वाचत नाही.

आणि ती रडली नाही. तीन वेळा उघडीनागडी थंड काट्यावर ठेवली, तरी रडली नाही. तुमच्या फॉर्मात रडण्याला रकाना नाही, म्हणून इथे लिहितेय.

तू तिला बघितलेलं नाहीस, तू गेल्यावर जन्मली. गल्लीच्या तोंडाशी जिचं टेबल आहे ती इस्त्रीवाली, तुझे नवे पडदे जिने जाळले होते, तिची पोरगी. जन्मली तीन किलो सहाशेची. चौथ्या महिन्यात मांडीला तीन तीन वळ्या, म्हणून सगळी गल्ली तिला ढब्बी म्हणते. आता ती नऊ महिन्यांची आहे. जानेवारीत सात किलो दोनशे होती. दोन तारखेला पाच किलो नऊशे. संगणक म्हणतो, महिन्यात एक किलोच्या वर उतरणं अशक्य. संगणकाने तिला उचलून घेतलंय का कधी? मी घेतलंय. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मला माहीत आहे तुझ्या डोक्यात काय आहे. तुला तो दिवस आठवला. दीड वर्षापूर्वीची परीक्षा, दहा बाळं, सगळ्या जोड्यांनी तीच दहा बाळं मोजायची. आणि भर खोलीत, पर्यवेक्षिकेची एकच जागा रिकामी असताना, तू उठून म्हणालीस, "आमच्या जाऊबाईंचे लांबीचे आकडे बहुतेक शून्यावर नाहीतर पाचावर संपतात. त्या आकडा गोल करतात." सगळे हसले. जागा तुला मिळाली. एका घरात दोन जावा, एका फळीची दोन टोकं, लोक आपल्याला डोकंवाली आणि पायवाली म्हणायचे. आणि डोकंवालीने पायवालीचे पाय ओढले.

त्या दिवसापासून मी एकही आकडा गोल केलेला नाही. एकही नाही. मिलिमीटरसाठी मी फरशीवर पालथी पडते, गुडघे सोलवटलेत माझे.

तेव्हा हे ऐक. दवाखान्याची चिठ्ठी आमच्या हातात नाही. आकडा मान्य झाला की तुमच्याकडूनच ती निघते. आकडा लाल होऊन अडकला की पोरही त्याच्याबरोबर अडकते. आकडा मान्य कर आणि चिठ्ठी पाठव.

थोरली


१३ फेब्रुवारी

धाकटे,

पत्राला उत्तर नाही, पण दुसरी चिठ्ठी मात्र वेळेवर. "क्र. ४१७. फॉर्म प्रलंबित. त्वरित बंद करावा."

बंद केला. ७.१. घे.

कसं मोजलं ते या वेळी सांगत नाही. तू विचारलंही नाहीस. संगणकाला आवडला ना, मग झालं.

मास्तरांची दाढ काढली. दोन दिवस मी एकटीच फिरतेय, काटा एका खांद्यावर आणि फळी दुसऱ्या. तुझे दीर म्हणतात, "बायको आहे की हमाल?" मी म्हटलं, हमालाला निदान कोणी ओझ्याचं वजन पुन्हा विचारत नाही. दोघे भाऊ तिकडे फोनवर गुळपीठ करतात, मागून आपण दोघी आपापल्या स्वयंपाकघरात भांडी आपटतो. परवा तुझ्या घरचा आवाज इथवर आला. पातेलं होतं बहुतेक.

सासूबाई विचारत होत्या, धाकटी कधी येणार. मी म्हटलं, तिला आता माणसं दिसत नाहीत, रकाने दिसतात.

बाकी ठीक.

थोरली


२ मार्च, दवाखान्यातल्या बाकावरून

धाकटे,

गेल्या पत्राचं उत्तर मिळालं. एक ओळ, शिक्क्यासकट. "फॉर्म क्र. ४१७ बंद झाला, धन्यवाद." तुझ्या धन्यवादाची पुडी बांधून चुलीत घालते.

हे फॉर्मच्या पाठीवर लिहितेय, दुसरा कागद नाही.

आज सकाळी महिन्याच्या फेरीत इस्त्रीवालीकडे गेलो. ती टेबलापाशी उभी, इस्त्री तापलेली, कपड्यांचा ढीग तसाच. ढब्बी टेबलाखाली चादरींच्या गठ्ठ्यावर. मी म्हटलं, "आण बाई तिला." ती म्हणाली, "झोपलीय, सारखी झोपतेच आता. शहाणी झाली हो." शहाणी! मी उचलली तर हाताला काही लागलंच नाही. मांडीची कातडी सैल, आजीच्या दंडासारखी. डोळे खोल गेलेले. आणि पुन्हा, धाकटे, रडली नाही.

पाच किलो दोनशे.

मास्तरांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "बाई, हे नियमात बसत नाही."

नियम मला पाठ आहे. सहा वर्षं तो आपण दोघींनीच नव्या बायकांना घोकायला लावला. 'आपण फक्त मोजायचं. सल्ला द्यायचा नाही, खाऊ द्यायचा नाही, दवाखान्यात न्यायचं नाही. हात लावला की अभ्यास बिघडतो.' आई-बाळाच्या पोषणाचा केवढा मोठा अभ्यास! जन्मापासून दोन वर्षांपर्यंत दर महिन्याला मोजायचं आणि कुणाचं काय होतं ते बघत बसायचं. काठावर उभं राहून किती खोल बुडाला ते मोजण्यातला प्रकार. मी पोर काखोटीला मारली, इस्त्रीवालीला म्हटलं, "बंद कर ती इस्त्री," आणि समोर आली त्या रिक्षात बसले. मास्तर मागून काटा घेऊन धावले. का, ते त्यांनाही ठाऊक नाही.

इथे एक तरुण डॉक्टरीण आहे. भली वाटते. तिने डोळे बघितले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. विचारलं, "जुलाब?" इस्त्रीवाली म्हणाली, "दोन महिने झाले, थांबून थांबून." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. "गेल्या महिन्याचं वजन आहे का कुणाकडे?"

मी पिशवीतलं तिचं वजनाचं कार्ड दिलं.

आता आत सलाईन लावताहेत. तुझ्या कार्यालयाला हे सगळं कळू दे. एक महिना गेला, धाकटे. तुझ्या एका रेघेपायी एक महिना फुकट गेला.

बोलावताहेत. बस.

थोरली


३ मार्च

धाकटे,

कालचं पत्र मास्तरांनी कालच पिशवीत टाकलं, नाहीतर फाडलं असतं. त्यात मी खोटं काही लिहिलं नाही. फक्त बरंच काही लिहिलं नाही.

सात किलो शंभर हे वजन मी केलेलंच नाही.

१० फेब्रुवारीला तुझी दुसरी चिठ्ठी हातात घेऊन गेले. दार बंद. शेजारीण म्हणाली, "बहिणीकडे गेलीय पोरीला घेऊन, परवा येईल." परवा. दोन दिवसांचा प्रश्न होता. मास्तर दाढेसाठी गेलेले. मी तिच्या पायरीवर बसले. चिठ्ठीत 'त्वरित'च्या खाली पण रेघ होती. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला वाटलं, ही बाई तिकडे पंख्याखाली बसून मला दुसऱ्यांदा खोटी ठरवतेय, ठीक आहे, तुला आवडेल असं खोटंच देते. जानेवारीत सात दोनशे होती, जरा उतरवली, सात शंभर. असा आकडा की कोणी वर मान करून बघणार नाही. तो लिहायला मला अर्धं मिनिट लागलं. मास्तरांची सही दुसऱ्या दिवशी घेतली, गाल सुजलेला होता, त्यांनी बघितलं नाही. आणि मान्य वजनाची चिठ्ठी आईला द्यायची असते, म्हणून ७.१ लिहून तिच्या दाराखालून सरकवली.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. आता पुढचं वाच, उठू नकोस.

डॉक्टरीणबाईंनी कार्ड बघितलं आणि चेहरा बदलला. म्हणाली, "सात शंभरवरून पाच दोनशे? महिन्यात एकोणीसशे ग्रॅम? मग हे सगळं पाणीच गेलंय. सलाईन लावा. वेगात." नर्सने हात बघितला, पाय बघितले, शीर सापडेना. शेवटी डोक्याची शीर सापडली. इतका वेळ मी तिथेच उभी होते. थेंब पडायला लागले. मला मोजायची सवय, मी थेंब मोजायला लागले. एकीकडे मोजतेय आणि एकीकडे मला कळतंय की पाणी गेलेलं नाही. ती महिन्याभरात अशी झालेली नाही. ती दोन महिने उपाशी आहे, हळूहळू आटलीय, आणि डॉक्टरीणबाई माझ्या त्या पायरीवरच्या आकड्यावर औषध करतेय.

आणि मी गप्प होते. चौदाशे थेंब. मी मोजलेत.

मला नोकरी दिसत होती. तू दिसत होतीस, भर खोलीत उठून उभी राहिलेली. 'बघा, म्हटलं नव्हतं?'

मग ढब्बीचा श्वास बदलला. नाकपुड्या फुलायला लागल्या, छाती भरभर खालीवर. मी ओरडले, "बंद करा ते! तो आकडा खोटा आहे. मी घरी बसून लिहिलाय. ती गेल्या महिन्यात पाच नऊशे होती." घरी नाही, पायरीवर, पण तेव्हा तेच तोंडातून आलं.

डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने चकती फिरवली, थेंब थांबले. छातीला नळी लावून ऐकत राहिली, किती वेळ ते मी मोजलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "इतक्या सुकलेल्या बाळाचं हृदय एवढं पाणी पेलत नाही. अजून थोडा वेळ गेला असता तर मी मारलं असतं हिला. मी." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

इस्त्रीवाली भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं आता ही माझ्या झिंज्या उपटणार. ती म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही दोघं मोठ्याने पाच-नऊ, पाच-नऊ करत होतात, ते मी ऐकलं होतं. मला धसका बसला होता. मी बहिणीकडे गेले ते तिथल्या डॉक्टरला दाखवायलाच. पण तो सुटीवर होता. परत आले तर दारात तुमची चिठ्ठी, सात. म्हटलं मोठ्या ऑफिसातून तपासून आलंय, तेच खरं. सासूला पण दाखवली. म्हटलं, बघा, उगाच घाबरले होते मी."

धाकटे, ती वाचायला शिकलेली आहे म्हणून फसली.

अजून एक आहे, तेही सांगून टाकते. जानेवारीत मी तिच्या घरात बाटली बघितली होती. साखरेचं पाणी. जुलाब होतात म्हणून सासूने दूध बंद करायला लावलेलं, आणि पोर महिनाभर साखरपाण्यावर. मला एक वाक्य बोलायचं होतं. 'अगं, दूध चालू ठेव.' चार शब्द. नियम आठवला आणि मी फळी उचलली.

आणि २ फेब्रुवारीला, पाच नऊशे वाचल्यावर, तिला उचलून न्यायला मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. काल नेली तशीच तेव्हाही नेता आली असती. मी तुझी चिठ्ठी आल्यावर पत्र लिहीत बसले. पोरीला दवाखान्याची चिठ्ठी मिळावी यापेक्षा तू चुकलीस हे सिद्ध व्हावं, याची मला जास्त घाई होती. हे लिहिताना माझा मलाच राग येतोय, पण म्हणून तुझ्यावरचा कमी झाला असं समजू नकोस. तो आहे तिथेच आहे. तुझी रेघ आणि माझा आकडा, दोघींनी मिळून केलंय हे. आपली जोडीच तशी.

ती अजून आहे. दर दोन तासांनी वाटीने खास दूध देताहेत, चमचा चमचा. एवढंच आत्ता माहीत आहे.

थोरली


१९ मार्च

धाकटे,

हे साध्या टपालाने येईल. पिशवीला मला आता हात लावता येत नाही.

चौकशीला तू खोलीत होतीस, कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मांडीवर वही. एकदाही वर बघितलं नाहीस. मी सगळं सांगितलं. पायरी, सात शंभर, चौदाशे थेंब. तुमचे साहेब हळहळले. गोड बोलतात, तोंडात साखर आहे त्यांच्या. म्हणाले, "इतक्या वर्षांच्या कामाला गालबोट लागलं हो." मला काढून टाकलं ते बरोबरच केलं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. खोटा आकडा लिहिणाऱ्या बाईच्या हातात काटा नको, मीही दिला नसता.

पण आज कार्यालयाचं पत्र आलं. "बाळ क्र. ४१७ अभ्यासातून वगळण्यात येत आहे. कारण: आकड्यांची विश्वासार्हता नाही, तसेच बाह्य हस्तक्षेप."

बाह्य हस्तक्षेप म्हणजे पोर उचलून रिक्षात बसणं. उपाशी राहिली तो अभ्यास, दूध मिळालं तो हस्तक्षेप!

वगळली. म्हणजे तिची दहा महिन्यांची सगळी वजनं, तीन किलो सहाशेपासूनची, मांडीच्या तीन वळ्यांसकट पुसली. आता तुमच्या कागदावर ती जन्मलीच नाही, मग उपाशी कुठून राहील? चौकशीच्या खोलीत भिंतीवर तुमचा मोठा आलेख लावलाय, तो मी बघत होते. काय देखणा आहे! सगळ्या रेघा वर जाणाऱ्या. माझ्या लक्षात तेव्हा आलं नाही, रिक्षात बसल्यावर आलं. त्यात कोणीच घसरत नाही. घसरेल कसं? जी घसरते तिला तुम्ही चूक म्हणता, चूक म्हणून परत पाठवता, आणि आमच्यासारख्या बायका ती सुधारून देतात. नाहीच सुधारली तर वगळता. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आणि या आलेखावरून उद्या कोणीतरी ठरवणार की इथल्या आयांना काही कमी नाही, दुधाची गरज नाही.

मी एकटीच अशी आहे असं मला वाटायला हवंय. फार बरं वाटेल. पण मला आठवतं, तू इथे होतीस तेव्हा आपल्याला पण लाल चिठ्ठ्या यायच्या. दूरच्या घराची असली की तू म्हणायचीस, "जाऊ द्या हो वहिनी, आपणच नीट करू." केलंय आपण. किती वेळा, ते तूही मोजलं नाहीस आणि मीही नाही.

तेव्हा आता मोज. सगळ्या लाल चिठ्ठ्या तुझ्याच हातून जातात. वर्षभरात किती परत पाठवल्या? परत आलेला आकडा कोणता होता? पुढच्या महिन्यात त्या पोरांचं काय झालं? मला माफीबिफी नको. सासूबाईंना पण काही सांगू नकोस. मला यादी पाठव. साहेबांना विचारलंस तर ते गोड बोलतील, विचारू नकोस.

ढब्बी पाच किलो सहाशे. आज मी आत गेले तर तिने माझ्याकडे बघून तोंड फिरवलं. इस्त्रीवालीने पण. पण बसू देते. नोकरी नाही, वेळ आहे, म्हणून मी दुपारची वाटी भरवते. इस्त्रीवाली चमचा माझ्या हातातून काढून घेत नाही. तेवढं पुरे.

थोरली


७ एप्रिल

धाकटे,

पाकीट मिळालं. आत पत्र नव्हतं, म्हणून उलटं करून झटकलं. मग कळलं की यादी हेच पत्र आहे. पाच पानं, सगळी हाताने उतरवलेली, शिक्का नाही. छापल्याचा माग पण नको म्हणून घरी बसून लिहिलीस ना? तुझं ते शेपटीचं नऊ बघून पहिल्यांदा मला चीड आली नाही.

एकतीस.

एकतीस लाल चिठ्ठ्या, एकतीस सुधारलेले आकडे. मी सगळे वाचले. सुधारलेल्यांपैकी सव्वीस शून्यावर नाहीतर पाचावर संपतात. मला हसता हसता रडू आलं. अगं, सगळ्याच गोल करतात! मी एकटी नव्हते. आणि अकरा ओळींसमोर पुढच्या महिन्याच्या रकान्यात तू तेच ते लिहिलंयस, "घर बंद. भेट नाही." अकरा घरं एकदम कशी बंद होतील?

वगळलेली म्हणून ४१७ यादीत नसेल असं मला वाटलं होतं. ती तू सर्वांत वर घातलीस. ५.९. आणि त्याच्याखाली रेघ. तुझी ती कागद फाडणारी रेघ, पण या वेळी आकड्याखाली. बरं. पोचलं मला.

ढब्बी परवा घरी आली. सहा किलो दोनशे. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याचा जुना काटा मला दिला, म्हणाल्या, "तुम्हाला देऊ नये खरं तर. पण खोटं लिहिल्यावर काय होतं हे तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळलंय?" फळी अजून माझ्याकडेच आहे. कार्यालय मागेल तेव्हा देईन, लगेच कशाला. तर इस्त्रीच्या टेबलावर, कपडे बाजूला सारून, पोरीला काट्यावर ठेवलं, आणि ती अशी रडली, अशी रडली की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. इस्त्रीवाली माझ्याशी पहिल्यांदा आपणहून बोलली. "लिहा ताई. रडली म्हणून लिहा." मी लिहिलं. आमच्या वहीत तो रकाना आहे.

यादीतली चार घरं आपल्या भागातली आहेत, दुसऱ्या जोड्यांनी मोजलेली. काल मास्तरांना घेऊन दोन घरी गेले. पहिलं पोर खणखणीत निघालं, माझं बोट चावलं. तिथे काटाच चुकला होता, चिठ्ठी बरोबर होती. तुला खटकेल म्हणून मुद्दाम सांगतेय, तू नेहमीच चुकत नाहीस.

दुसरं घर 'घर बंद'पैकी होतं. बंद नव्हतं. बाई दारातच भांडी घासत होती. मी म्हटलं, बाळाचं वजन करायला आलोय. तिने काट्याकडे बघितलं, फळीकडे बघितलं. म्हणाली, "तेव्हा पण घेतलं होतं की तुम्ही. वाढलंय म्हणालात." आणि पुन्हा भांडी घासायला लागली. मास्तर तिच्या शेजारी जमिनीवर बसले. मला बसता आलं नाही. मी फळी खांद्यावर धरून तशीच उभी राहिले. ते पोर यादीत सतराव्या ओळीवर आहे. आधी ४.८, मग ६.०. त्या ओळीतलं 'घर बंद' खोडून मी 'गेलं' लिहिलं.

दोन घरं इथली उरलीत, बाकीची बाहेरची. आज त्यातल्या एका आईचा निरोप आला, पोर जिवंत आहे, या म्हणाली. पण मास्तरांचे हात कापतात गं. डोकं सरळ राहत नाही आणि लांबी दोन-दोन मिलिमीटर चुकते. ते मला आता चालणार नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने ये. नोकरी राहते की जाते ते येताना वाटेत ठरव. इथे आल्यावर भांडू, मनसोक्त भांडू, माझं अजून निम्मं बोलून झालेलं नाही. पण आधी घरं. तू डोकं धर, मी पाय धरते. मी वाचेन ते तू ऐकून लिहू नकोस, स्वतः वाकून बघ आणि मगच लिही.

यादी परत पाठवतेय. सगळ्यात खाली एक ओळ घातली आहे, तुझ्याच रेघेसकट.

पुन्हा तपासा.

थोरली